मागं उभं राहायचं काम

सरळच सांगते. मला माझ्या वहिनीचा हेवा वाटायचा. साडीचा नाही, दागिन्यांचा नाही, माहेरचा तर मुळीच नाही. तिच्या हातातल्या स्टेअरिंगचा.

आमचं गाव वाटूरपासून जवळ, पण डांबरी रस्ता सोडून आत. घर गल्लीच्या टोकाला. गल्ली एवढी अरुंद, की गाडी एकदा आत शिरली की वळवायला जागा नाही. म्हणून आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, जीप कायम उलटी आत घालायचे. "निघायच्या टायमाला तोंड रस्त्याकडं पाह्यजे," हा त्यांचा नियम. आता गाडी उलटी घालायची तर मागं कुणीतरी उभं पाहिजे. ते कुणीतरी म्हणजे मी.

शाळेत जायला लागले तेव्हापासून हे काम माझ्याकडं. जीपच्या मागच्या पत्र्यावर हळूहळू थापटत राहायचं, म्हणजे येऊ द्या. एका बाजूला थापटलं, म्हणजे तिकडं घ्या. आणि जोरात एकच दणका, म्हणजे थांबा. अण्णा मान वळवून मागं पाहायचे नाहीत. आरसा तर जीपला नावालाच होता. समोर बघत, विडी ओढत, फक्त माझ्या हातावर ते ती अख्खी गल्ली उलटे यायचे, आणि गोठ्याच्या भिंतीपासून हातभर अंतरावर जीप उभी करायचे. पाहुणे म्हणायचे, "काय हात आहे तुमचा!" अण्णा मान डोलवायचे. हात कुणाचा होता?

मी गाडीच्या मागं राहिले आणि माझा भाऊ पुढं गेला. त्याला मिसरूड फुटायच्या आत अण्णांनी शेताच्या वाटेवर जीप शिकवली. मी मागच्या सीटवरून बघायचे. जीपचा दुसरा गिअर मधेच निसटायचा, मग अण्णा दांडी गुडघ्यानं दाबून धरायचे. क्लच कुठं धरतो, कुठं सोडतो, इंजिन कधी रडायला लागतं, हे मला भावाच्या आधी कळायचं. एकदा म्हणाले, "अण्णा, मला बी."

"स्टेअरिंग जड हाय बाई. तुझ्यानं न्हाई ओढणार."

त्याच दिवशी सकाळी मी आडातून पाणी ओढून आणलं होतं. तो पोहरा हलका होता काय?

पुढं मी जालन्यात शिकायला गेले आणि एका संघटनेत पडले. पत्रकं लिहायची, वाटायची, कोपरासभा घ्यायच्या. बायकांच्या कामाला काम म्हणा, हा आमचा मुख्य मुद्दा. मी चांगलं लिहायचे, कारण मला राग चांगला यायचा. गावोगाव जायचं तर एसटी, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं. पुन्हा मागंच! दर सुट्टीला घरी आले की अण्णांना विचारायचे, "जीप कधी शिकवता?" आणि दर सुट्टीला स्टेअरिंग जडच असायचं.

मग भावाचं लग्न झालं. नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत त्याला नोकरी लागली. अण्णांचा गुडघा गेला, क्लच दाबवेना. जीप विकली आणि घरात पांढरी छोटी कार आली. नवीकोरी. पॉवर स्टेअरिंग, एसी, सगळं. वर भावानं जालन्यातल्या एका दुकानातून मागच्या बंपरमध्ये सेन्सर बसवून घेतले. रिव्हर्स टाकला की आतमध्ये टीं टीं वाजायचं. भिंत जवळ आली की टींटींटीं, फारच जवळ आली की लांबलचक टीं.

मी सुट्टीला आले तर अण्णा कौतुकानं मलाच दाखवायला लागले. "हे बघ. मागं काय आलं की सोताहून सांगतंय. आता कुणाला उन्हात उभं राह्याची गरज न्हाई."

मी त्या बंपरकडं बघत राहिले. बटणाएवढी चार काळी भोकं. तेवढ्यानं माझं काम संपलं होतं.

त्याहून मोठा घाव पुढं होता. भाऊ आठवडाभर जालन्यात, घरी गाडी चालवायला माणूस नाही. म्हणून अण्णांनी कार कुणाला शिकवली? सूनबाईला! लायसनसुद्धा काढून दिलं. मी विचारलं, "आणि स्टेअरिंग जड असतं ते?"

"ह्याचं कुठं जड हाय? पॉवरचं हाय. एका बोटानं फिरतंय. आता बायका बी चालवतेत."

'बी'! हा 'बी' माझ्या डोक्यात गेला. म्हणजे आम्ही होतो तशाच राहिलो आणि यंत्र बदललं, म्हणून आम्हाला आत घेतलं. मी जालन्याला परतताना एसटीत मांडीवर वही ठेवून पत्रक लिहिलं. मथळा दिला, 'यंत्राच्या मेहेरबानीनं मिळालेली किल्ली आम्हाला नको'. चांगलं दणकेबाज झालं होतं. आमच्या संघटनेतल्या थोरल्या ताईंनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मुद्दा बराबर आहे. पण हे पत्रक तुझ्या वहिनीबद्दल आहे गं."

छापलं नाही.

तर शहागडला नात्यातली एक सुपारी, म्हणजे लग्न पक्कं करायचा कार्यक्रम, होती. भाऊ कामावरून थेट तिकडं येणार होता. गावाकडून आम्ही चौघं निघालो. वहिनी स्टेअरिंगवर, अण्णा शेजारी, आई आणि मी मागं. निघताना बघितलं तर गल्लीत नळाच्या पाइपासाठी माणसं चर खोदत होती. आमच्या भिंतीला लागूनच, डाव्या हाताला. मी म्हणाले, "वहिनी, येताना इकडं लक्ष असू द्या बरं."

"वाजतं ना ताई, काही मधात आलं की," वहिनी हसून म्हणाली.

अण्णांनी मान डोलवली. तीच जुनी मान. पूर्वी माझ्या हातासाठी डोलायची.

शहागडपर्यंत मी वहिनीचा खांदा, मनगट, बांगड्या बघत बसले. ती चांगली चालवत होती, हे मला लिहावं लागतंय. गिअर जरा लवकर टाकायची, चढावर इंजिन धडधडायचं, आणि ते धडधडलं की मला बरं वाटायचं. हायवेवर ट्रकांची रांग. एका ट्रकला मागं टाकताना अण्णा म्हणाले, "शाब्बास सूनबाई." मला अण्णा 'शाब्बास' कधी म्हणाले होते? दणका वेळेवर पडला की ते गाडी बंद करायचे आणि उतरून घरात जायचे, बास. आई कानात म्हणाली, "तोंड असं काहून केलंय? सुपारीला निघालोत आपण."

सुपारी झाली, जेवणं झाली. भाऊ तिथूनच जालन्याला गेला. उन्हं कलताना आम्ही परत गावात. वहिनीनं गल्लीच्या तोंडाशी गाडी उलटी लावली. सवयीनं मी दार उघडायला गेले, मागं उभं राहायला.

"बस, बस," अण्णा म्हणाले. "मशीन हाय."

"अण्णा, चर हाय तिकडं."

"सेन्सर गप्प आहे ताई, म्हणजे मागं काहीच न्हाई," वहिनी म्हणाली. काचा बंद, एसी चालू. गाडी मागं सरकली. गप्प. आणखी सरकली. गप्प. मी "डावीकडं, डावीकडं!" ओरडले तेव्हा उशीर झाला होता. धप्प! मागचं डावं चाक चरात. गाडीचं तोंड आभाळाकडं. आईच्या मांडीवरचे सुपारीत मिळालेले लाडू सगळ्या सीटवर.

आणि सेन्सर अजूनही गप्प. बिचारा काय सांगणार? त्याला भिंत कळते, खांब कळतो. चर म्हणजे मागं काही नसणं. काही नाही, तर वाजायचं कशाला?

अण्णांनी काच खाली केली, हात बाहेर काढून दार बडवलं आणि ओरडले, "अरे, मागं कोण हाय? कुठं गेली ती?"

मी त्यांच्या मागच्या सीटवर होते. "इथंच हाय," मी म्हणाले. "तुम्हीच बसवलंय."

आई पदरात तोंड घालून हसायला लागली. अण्णा नाही हसले.

गल्ली गोळा झाली. कुणी दगड आणले, कुणी फळी. कुणी सल्ले आणले, ते सगळ्यात जास्त. "मशीनवर भरोसा ठेवला का अण्णा?" शेजारचे काका म्हणाले. "आमच्या म्हशीला बी चर दिसतंय!" वहिनीचे कान लाल. चाकाखाली फळी सारली, पाचसहा जण ढकलायला उभे राहिले. आता कुणीतरी पहिल्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडून गाडी वर घ्यायची होती. वहिनी दार उघडून खाली उतरली. अण्णांनी तिच्या जागेवर बसून बघितलं, गुडघ्यातून कळ आली तसे उतरले.

"सूनबाई, तूच बस. भिऊ नको. आणि बाई, तू मागं जा. थापट."

"न्हाई जात," मी म्हणाले.

"आता ही वेळ हाय का?"

"मंग कोणती वेळ हाय? जीप होती तवा स्टेअरिंग जड होतं. आता हलकं झालं तर दुसरं माणूस आलं. मी मागंच मरू का?"

ढकलायला वाकलेली माणसं तशीच वाकून बघायला लागली. एवढ्या लोकांत मी अण्णांना कधी असं बोलले नव्हते.

वहिनीनं पदर खोचला. "मी जाते मागं," ती म्हणाली. "ताईंना बसू द्या." आणि किल्ली माझ्या हातावर ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "बसा. लई हलकं आहे."

देणारीचासुद्धा हेवा वाटतो, हे मला त्या क्षणी कळलं. हिसकावून घेतली असती तर बरं झालं असतं.

बसले. वर्षानुवर्षं डोळ्यांनी शिकलेलं पायांना माहीत नव्हतं. क्लच सोडला, गाडीनं एक धक्का खाल्ला आणि बंद. लोक हसले. "भाषण न्हाई हे!" एकजण म्हणाला. पुन्हा चालू केली. इंजिनाचा आवाज ऐकला, ते रडायच्या आत रेस दिली, क्लच एवढासाच सोडला. जळका वास आला. फळी कडकडली आणि गाडी उडी मारून वर आली. मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले.

"आता तशीच मागं घे," अण्णा शेजारी बसत म्हणाले. "घरापोत्तर."

लायसन माझ्याकडं नव्हतं, आणि कायदा पाळा म्हणून सांगणारी पत्रकं मी वाटलेली होती. पण गल्ली आमची होती. मी रिव्हर्स टाकला. काच खाली घेतली.

मागून थाप आली. वहिनीची. बांगड्यांसकट, हलकी, छन् छन्. येऊ द्या. एका बाजूला छन्. मी तिकडं घेतली. चर टळला. आत सेन्सर टीं टीं करत होता, मी कान देत होते फक्त त्या हाताला. अण्णा समोर बघत होते. मान वळवून मागं नाही पाहिलं, एकदाही नाही. तिच्या पहिल्याच दिवशी! मला वाटलं होतं, स्टेअरिंग मिळालं की आत जळणारं ते थांबेल. ते उठलं आणि त्या बांगड्यांवर जाऊन बसलं. माझी जागा होती ती.

दणका पडला. मी थांबवली. उतरून भिंतीपासूनचं अंतर बघितलं.

"बराबर लावली," अण्णा म्हणाले. "सूनबाईचा हात बी चांगला हाय."

"उशिरा मारते ती," मी म्हणाले. "हातभर पाह्यजे, ही वीतभर राहिली."

"मंग शिकव की तिला."

वहिनी हात झटकत पुढं आली. तळहात लाल झाला होता. किल्ली घ्यायला तिनं तोच हात पुढं केला.

"शिकवते," मी म्हणाले. "आधी अण्णा मला जालन्याला नेऊन लर्निंग लायसन काढून देणार. तवर ही किल्ली माझ्याकडं राहू द्या."

अण्णा वाकून सीटवरचे लाडू वेचायला लागले. वहिनी माझ्या मुठीकडं बघत होती, आणि ती नजर मी चांगली ओळखत होते.