फायनलला बसलेला भाऊ

गंगाखेडला मी पंक्चरच्या दुकानात कामाला आहे. घर कोल्हापूरला, शाळा आठवीत सुटली. दुकानासमोर परभणीच्या जीपा लागतात. त्यातल्या एका ड्रायव्हरमामांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. ते कमी बोलतात आणि बोलताना माणसाकडे न बघता गाडीच्या काचेकडे बघतात. चहा आला की पहिली बशी मात्र माझ्याकडे सरकवतात. परक्या गावात तेवढ्यानंही बरं वाटतं.

देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगची फायनल होती. माझा धाकटा भाऊ एका संघाचा राखीव गोलकीपर. हे मी अख्ख्या स्टँडवर सांगून बसलो होतो, आणि आता तो दिसलाच नाही तर, या भीतीनं जेवण जात नव्हतं. मामांनी त्या दुपारी जीपांच्या रांगेतला आपला नंबर दुसऱ्याला दिला आणि माझ्या मोबाइलसमोर येऊन बसले. मागोमाग रिकामे असलेले बाकीचे ड्रायव्हरही जमले.

मॅच संपत आली तरी भाऊ बाकावरच.

"तुजा भाऊ तर नुस्ता बसूनच हाय की," एक ड्रायव्हर हसला.

मामा म्हणाले, "तू स्टेपनीबिगर गाडी काढतूस का रे परभणीला?"



भावाचा संघ जिंकला. सगळ्यांबरोबर त्याच्याही गळ्यात मेडल पडलं, तसे मामा उठून उभे राहिले.

"आईला फोन लाव," ते मला म्हणाले. "स्टँडवर समद्यांनी उभं ऱ्हाऊन बघितलं म्हनून सांग."

तोवर ते एकटेच उभे होते. मग बाकीचेही उठले.