खांबापलीकडची बोटं

आमच्या आईने काश्मीरला तांदूळ नेले. आमच्या सावली गावातल्या घरच्या धानाचे, पिशवी भरून!

"तिथी आपल्यासारखा भात भेटते का, बाबू?" असं म्हणत तिने पिशवी माझ्या खांद्यावर दिली. श्रीनगर येईपर्यंत खांदा कामातून गेला. (पिशवी हॉटेलात ठेवता आली असती. पण आईचा हॉटेलवाल्यावर भरवसा नव्हता!)

जुन्या शहरातल्या ऐतिहासिक मशिदीत शिरलो आणि पाहतच राहिलो. देवदाराच्या अख्ख्या झाडांचे उंचच उंच खांब, रांगाच्या रांगा. बायकोचा भाऊ संजू हळूच म्हणाला, "भाऊजी, आपला आलापल्लीचा सागवान फिका पडते याच्यापुढं!"

सागवानाचा अपमान? गडचिरोलीच्या जंगलात हयात घालवलेल्या माझ्यासमोर?

"काही बोलू नको. हा तं माह्या एका कवेत येते!"

"आला तं पिशवी घरापर्यंत मी नेतो. नाई आला तं तुमी!"

झालं! खांद्याची सुटका समोर उभी होती. मी खांबाला मिठी मारली. पण अंगात तीन स्वेटर, त्याखाली पोट (ते बारमाही!), आणि आवारातल्या हौदावर हात धुतल्याने बोटं पार बधिर. गाल खांबाला टेकवून मी हात ताणले. आणखी ताणले. अन् पलीकडे बोटांना बोटं लागली! मी ती गच्च धरली.

"भेटली रे बोटं! उचल पिशवी!"

आई खांबामागे डोकावली. "बाबू, त्यायले काऊन धरून राह्यला?"

"कोणाले?"

पलीकडून शांत आवाज आला, "भाईसाहब, ये खंभा सदियों से खड़ा है, गिरेगा नहीं. अब छोड़ दीजिए!"

पांढऱ्या दाढीचे एक चाचा हात मागे घेऊन खांबाला टेकले होते. त्यांचे दोन्ही हात माझ्या मुठीत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचा मात्र पोट धरून हसले. पिशवीत काय आहे ते कळल्यावर तर आणखीच. "अरे, हमारे यहाँ भी दोनों वक्त चावल ही पकता है!"

आईला इतका आनंद झाला की परतताना तिने बाजारातून तिथलेही तांदूळ घेतले. चव पाहायला!

पिशवी अर्थातच मी आणली. संजू अजूनही जेवताना विचारतो, "भाऊजी, बोटं तुमचीच हायत ना?" बोटांची खात्री मी देत नाही. पण तेव्हापासून दुखणारा खांदा मात्र नक्की माझाच आहे!