शेवंताबाईचा बीच

तिसऱ्या तासाला मी चौथीच्या वर्गात नद्या शिकवत होतो. फळ्यावर वैनगंगेची रेघ अर्धी ओढून झाली होती, तोच बाहेर मोटरसायकल थांबली आणि माझा भाचा हिरामण दारात आला. इंजिनियर माणूस, पण वर्गात पाऊल टाकण्याआधी "मामा, येऊ का?" असं विचारल्याशिवाय कधी राहिला नाही. त्या दिवशी विचारलं नाही. "मामा, माय गेली," एवढंच म्हणाला... सकाळचा चहा घेतला, कप धुऊन पालथा घातला, भिंतीला टेकली अन् गेली. कोणाला हाक नाही की काही नाही. पोरांना सुट्टी द्यायचंही मला सुचलं नाही. हातात खडू तसाच धरून मी त्याच्या मागे गाडीवर बसलो आणि घर येईपर्यंत त्या खडूचा मुठीत भुगा झाला होता.

याला सव्वा महिना झाला. भेटायला येणारे लोक म्हणतात, "गुरुजी, तुमची बहीण शिकली असती तर फार मोठी झाली असती." मला रागच येतो. अहो, झाली ना मोठी! आणखी किती मोठी व्हायची होती? तेव्हा वाचकहो, मी हे लिहायला बसलो आहे ते रडायला नाही. मिरवायला बसलो आहे, आणि थोडं माझं माप माझ्याच पदरात घालायला.

शेवंता माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला 'बाई' म्हणतात, म्हणून इथंही बाईच लिहीन. हिरामण चार वर्षांचा असताना तिचा नवरा तापानं गेला आणि ती लेकराला कडेवर घेऊन माहेरी आली. भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला लागली. आठवडाभर तिकडे मजुरांच्या चाळीत राहायची, दगड फोडायची, त्यातला माल वेचायची आणि रविवार गावात काढायची. हाताच्या रेषांत काळी पूड अशी मुरली होती की साबणानं निघायची नाही. गोटा नुसता तळहातावर तोलला की सांगायची, यात माल आहे की नुसताच दगड आहे. माणसांनाही ती तसंच तोलायची. माझ्याबद्दलचं तिचं मत साऱ्या टोलीला, म्हणजे आमच्या वस्तीला, ठाऊक होतं, "आमचा लहाना शिकला लय, पन हलका हाय!" लोक हसायचे, मीही हसायचो. हसण्यावारी न्यावं लागायचं, कारण ते खरं होतं.

खरं कसं, ते सांगतो. आमचं गाव वैनगंगेच्या काठी, बालाघाटपासून फार लांब नाही. नदीवर दोन घाट. वरचा घाट पायऱ्यांचा, पिंपळाच्या सावलीचा, तो वरच्या आळीचा. खालचा घाट चिखलाचा, तो आमच्या टोलीचा. त्यांचं पाणी आमच्याकडे वाहत आलेलं चालायचं, आमचं त्यांच्याकडे जाता कामा नये, म्हणून ही व्यवस्था. दोन्हींच्या मधे गोट्यांची एक उतरती जागा होती, तिथं म्हशी धुवायचे. म्हणजे म्हशींचंही पाणी आमच्याकडेच! छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली. मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, देव्हारे नदीत सोडले... तेही खालच्या घाटावरून! त्याच साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि विदर्भातले सोयरेधायरे दुसऱ्या राज्यात गेले. एवढी उलथापालथ झाली, पण घाट जिथल्या तिथं. मी मास्तर झालो. दिवसभर पोरांना "सगळी माणसं सारखी" असं घोकून घ्यायचो आणि संध्याकाळी साबणाची वडी घेऊन मुकाट्यानं खालच्या घाटावर जायचो.

हिरामण मात्र हुशार निघाला. इंजिनियर झाला, पोलादाच्या कारखान्यात लागला आणि सत्तर साली कारखान्यानं त्याला दोन वर्षांच्या शिक्षणासाठी इटलीला पाठवलं. जेनोवा नावाचं बंदर, तिथं. बाईला वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याची पत्रं मी वाचून दाखवायचो. पोरगं हिंदी शाळेत शिकलेलं, त्यामुळे त्याचं मराठी निम्मं हिंदीच. पहिल्याच मोठ्या पत्रात त्यानं लिहिलं, "माय, इथं शहरातच बीच आहे. रविवारी सगळे बीचवर जातात. साहेब, मजूर, म्हाताऱ्या बाया, लेकरं, सारे एकाच ठिकाणी बसतात. पाणी एकदम शांत. तू ये. मी तुला बीचवर बसवतो."

आता आमच्याकडे 'बीच' म्हणजे मधला. बाजाराच्या बीचमधे, रस्त्याच्या बीचोबीच, असं आम्ही दिवसभर बोलतो. मी मास्तर असूनही मला दुसरं काही सुचलं नाही. आणि बाईनं तर डोळे मिटून मान हलवली, जणू आयुष्यभर याचीच वाट पाहत होती. "समजलं मले," ती म्हणाली. "तिथं वरचा घाट हाय, खालचा घाट हाय, अन् एक बीचचा हाय. बीचचा साऱ्यायचा. शहाने लोक हायेत!" मग माझ्याकडून उत्तर लिहवून घेतलं, 'बीचच्या वर कोण बसते अन् खाली कोण बसते, ते कळव. आल्यावर चूक व्हायला नको.'

हिरामणचं उत्तर आलं ते दोघांची फजिती करणारं. बीच हा इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ समुद्रकाठ, आणि माय, समुद्र वाहत नाही, त्याला वरचं-खालचं काही नसतंच. मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं शिकवण्यात घालवली अन् एवढं कळलं नाही! बाई मात्र जराही ओशाळली नाही. "मंग मी काय येगळं म्हनलं?" तिनं मलाच विचारलं.

त्या दिवसापासून जेनोव्याला जायची तयारी सुरू झाली, आणि बाईच्या तयारीला खाणीच्या कामासारखी शिस्त. मी शाळेतला युरोपचा नकाशा घरी आणला. इटलीचा आकार बुटासारखा आहे हे पाहून तिला हसू आवरेना. वरच्या आळीतून जाताना आम्ही चपला हातात घेऊन चालायचो, त्या बाईला बुटाच्या देशाचं बोलावणं! "जोड्याच्याच आकाराचा देश हाय, तिथं कोन चपला काढाले लावनार?" म्हणायची अन् पुन्हा हसायची. दर पत्रात नवे प्रश्न. बस थेट काठाशी जाते का? जाते. सावली आहे का? सकाळी असते. गर्दी कधी नसते? कडक उन्हाळ्याच्या आधी, एप्रिलात. कपडे? हिरामणनं भीत भीत लिहिलं, की इथले लोक पाण्याशी फार थोडे कपडे घालतात. "घालोत न घालोत," बाई म्हणाली, "मी लुगडं नाही सोडनार. त्यायनं मायाकडं पाहू नये, मी त्यायच्याकडं पाहनार नाही." खायला काय न्यायचं, तर लाखोळीच्या डाळीचे वडे. चहासाठी बालाघाटहून थर्मास आणवला.

एका पत्रात हिरामणनं लिहिलं, की तिथं रेती नाही, गोटे आहेत, बसताना टोचतात. बाईनं लगेच शिंदीची पानं आणली आणि चटई विणायला घेतली. साधी नाही, दुहेरी. दर रविवारी दोन विती पुढे सरकायची. शेजारच्या बाया येऊन विचारायच्या, "काय वं शेवंता, कोनासाठी विनून राह्यली?" ही ऐटीत सांगायची, "समुद्रासाठी!"

पासपोर्टच्या कागदांवर अंगठा चालेल असं मी सांगितलं, तर माझ्यावरच उसळली. "परक्या देशात अंगठा दाखवत जाऊ काय? सही शिकव मले." दोन महिने तिनं पाटीवर स्वतःचं नाव गिरवलं. 'शे'ची मात्रा नेहमी उडून दुसरीकडेच पडायची. पण कागद भरायच्या दिवशी तिनं अख्खं नाव लिहिलं, मात्रेसकट, आणि त्या साहेबाला म्हणाली, "वाचून पाहा, बराबर हाय ना?" मी मागे उभा होतो. माझ्या पंधरा वर्षांच्या मास्तरकीत इतकं चांगलं अक्षर मी पाहिलं नाही. तुम्हाला ते वाकडं दिसलं असतं, तो तुमचा दोष.

फाल्गुन लागला. चटई पूर्ण झाली, काठ बांधून झाले. आणि हिरामणचं पत्र आलं. कारखान्यानं शिक्षणाचा काळ कमी केला होता, त्याला पंधरा दिवसांत परत बोलावलं होतं. "माय, मला माफ कर," असं त्यानं तीनदा लिहिलं होतं. मी ते वाचून दाखवलं. बाई म्हणाली, "अजून एकडाव वाच." मी पुन्हा वाचलं. ती बराच वेळ चटईच्या काठावरून हात फिरवत राहिली. तिचे डोळे भरलेले मी आयुष्यात दोनदाच पाहिले, नवरा गेला तेव्हा आणि त्या दिवशी... मग तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "चटई त झाली ना विनून?"

पुढच्या रविवारी सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसली, थर्मास भरला, वडे बांधले, चटई काखेत मारली आणि मला म्हणाली, "चाल." मला वाटलं खालच्या घाटावर जाऊन मन हलकं करेल. ती खालच्या घाटाच्या वाटेला वळलीच नाही. थेट म्हशींच्या त्या गोट्यांच्या उतारावर गेली, चटई पसरली आणि पाण्याकडे तोंड करून बसली. "बाई, चाल ना वं घरी," मी म्हणालो. ती म्हणाली, "समुद्रावर बसाची तयारी केली मी. नदीवर बसाले काय भ्याचं?"

वरच्या घाटावरून पाटलीणबाई बघत होत्या. त्या दोन पायऱ्या उतरून आल्या. "शेवंता, इथं काहून बसली वं?"

"बीचवर आली, पाटलीनबाई."

"कोनाच्या बीच?"

"तुमच्या अन् आमच्या."

त्या वळून पायऱ्या चढून गेल्या आणि थोड्या वेळानं त्यांचा दीर काठी आपटत आला. ही म्हशींची जागा आहे, ऊठ, म्हणाला. बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "म्हैस बसते त चालते, मी बसली त काहून नाही चालत?" आणि थर्मासचं झाकण उघडून, "च्या घेता का? गरम हाय." असा प्रश्न त्या माणसाला आमच्या टोलीतून जन्मात कोणी विचारला नव्हता. तो काठी तशीच धरून उभा राहिला, मग "पाहून घेईन," म्हणत निघून गेला. आणि मी? मी चटईच्या मागे चार हात अंतरावर उभा होतो. बसलो नाही. उभं असलं की पळायला बरं.

त्यानं पाहून घेतलंच. त्या साली धानाच्या रोवणीला आमच्या बायांना वरच्या आळीतून बोलावणं आलं नाही. टोलीत कुरबूर सुरू झाली, म्हातारीला इटलीचा किडा चावला आणि पोट आमचं मारलं. बाई घरोघर गेली, एकच सांगत, "रोवनी त्यायची अडली हाय, आपली नाही. थांबा." धानाचं रोप कोणासाठी थांबत नाही. आठव्या दिवशी बोलावणं आलं. त्याच्या पुढच्या रविवारी नदीला पूर होता, तरी चार बाया बाईसोबत गोट्यांच्या वरच्या टोकाला जाऊन बसल्या. दिवाळीनंतर वीस झाल्या. वरच्या आळीच्या बाया काही आल्या नाहीत, खोटं कशाला सांगू? त्यांची लेकरं आली, गोटे वेचायला.

हिरामण तर रोवणीच्याही आधी परत आला होता, तेव्हा आईसमोर मान वर करेना. बाई त्याला हात धरून तिथं घेऊन गेली. तो बसला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, "माय, जेनोव्याचाही बीच असाच हाय." बाई फणकारली, "असाच काहून? तिथं मी कुठं होती?"

सात वर्षं ती दर रविवारी तिथं बसली, खाण सोडून गावातच राहायला आल्यावरही. दर रविवारी मी सोबत जायचो आणि दर रविवारी मागे उभा राहायचो. सुरुवातीला भीतीनं, मग सवयीनं, आणि शेवटी शरमेनं, की आता कोणत्या तोंडानं बसू? ती चटईवर जागा ठेवायची.

जलदानाचा, म्हणजे बाईच्या पुण्यस्मरणाचा, विधी झाला आणि मी पुन्हा शाळेत गेलो. नदीचा अर्धा राहिलेला धडा पुरा केला, समुद्रावर आलो आणि सांगितलं, की समुद्राच्या काठाला इंग्रजीत बीच म्हणतात. अख्खा वर्ग हसला. वरच्या आळीतली एक मुलगी, पाटलांच्याच घरची, उठून उभी राहिली. "गुरुजी, बीच त आपल्या गावात हाय! आमी बीचच्या इकडून पानी भरतो, अन् हे गंगी बीचच्या तिकडून." मी विचारलं, "त्या दोन घाटांना नावं काय?" तिनं टोलीतल्या गंगीकडे पाहिलं, गंगीनं तिच्याकडे. दोघींनी माना हलवल्या. "त्यायले नाव नाही, गुरुजी. नाव फक्त बीचले हाय."

माझ्या हातात खडू होता. 'वरचा' आणि 'खालचा' ही दोन नावं मी फळ्यावर लिहिली नाहीत.

बाईची चटई आता माझ्या घरी असते. काठ उसवलेत, मधे तिच्या बसण्याची जागा खोल गेली आहे. परवाच्या रविवारी ती काखेत मारून मी एकटाच नदीवर गेलो, गोट्यांवर पसरली आणि चप्पल न काढता... नाही, चप्पल काढली, पण ती चटईला माती लागू नये म्हणून. मग बसलो. तिनं माझ्यासाठी ठेवलेल्या जागेवर. गोटे मुळीच टोचले नाहीत. दुहेरी विणली होती तिनं.