देवाजींचं एक खोटं

देवाजी कंपाउंडर सुई टोचण्याआधी औषधाची कुपी पेशंटच्या डोळ्यांसमोर धरायचे आणि आत काय आहे ते सांगायचे. आर्णीच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्याच दिवशी हे पाहिलं. मधुमेहाचा एक म्हातारा पिवळ्या इंजेक्शनसाठी हटून बसला होता.

"बाबाजी, हे जीवनसत्त्वाचं हाय," देवाजी म्हणाले. "यानं पायाच्या मुंग्या कमी होतीन. साखर नाही उतरनार. तिचं औषध अलग हाय, ते सोडू नका."

म्हातारा हिरमुसला. तो गेल्यावर मी म्हटलं, "बरं वाटेल म्हणाला असतात, तर त्याला धीर आला असता."

"धीर आला असता, अन् त्यानं दुसरं औषध बंद केलं असतं."

छप्पन्न साली ते नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा आणि पंचशील घेऊन आले होते. "दारू सोडली, ते सोपं गेलं," म्हणायचे. "खोटं न बोलनं लय कठीण हाय, बाई. दवाखान्यात तर जास्तच."

त्यांच्या बायकोला, सखुबाईंना, मधुमेह होता. रोज सकाळी देवाजी त्यांना इन्सुलिन टोचायचे. फ्रिज आमच्या गावात कुठला? ओल्या रेतीत पुरलेल्या मडक्यात ते कुप्या ठेवत आणि येता-जाता रेतीवर पाणी शिंपडत. माझी खोली शेजारीच होती, त्यामुळे हे सगळं माझ्यासमोरच चालायचं.

एका मे महिन्यात ऊन असं तापलं की मडक्यातलं पाण्यासारखं नितळ औषध गढूळ झालं. देवाजी तातडीनं यवतमाळला गेले. दुकानांत नव्हतं, मोठ्या दवाखान्यातही संपलेलं. नागपूरहून यायला आठवडा लागेल, असं कळलं. सखुबाईंना नागपूरला न्यायचं ठरवलं, तर त्यांना उठून बसवतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा देवाजी सुई भरत होते. कुपी मुठीत झाकलेली होती, तरी सुईतला पिवळा रंग मला दिसला.

"नवीन आलं हाय," ते बायकोला म्हणाले. "रंग अलग हाय, इतकंच."

सखुबाईंनी मुकाट्यानं दंड पुढे केला.

चौथ्या दिवशी देवाजी दवाखान्यात गेल्यावर सखुबाईंनी मला जवळ बोलावलं. ओठ सुकले होते, श्वास लागला होता.

"पोरी, हे ताकतीचं हाय. मले समजत नाही काय? दहा वर्षं सुई घेऊन राह्यली मी."

"मग त्यांना बोलला का नाहीत?"

"टोचू दे त्याईले. आपल्या हातून काहीच झालं नाही, असं नको वाटाले. तू सांगू नको."

सहाव्या दिवशी त्या गेल्या.

देवाजी पुन्हा कामावर आले. महिनाभर कामापुरतं बोलले. मग एक दिवस सुया उकळताना म्हणाले, "बाई, तिनं मले एक डाव बी विचारलं नाही. इतका भरोसा होता तिचा माह्यावर. अन् मी तिलेच फसवलं."

मला राहवलं नाही. सखुबाईंचा शब्द मी मोडला आणि सगळं सांगून टाकलं.

ते स्टुलावर बसले. पाणी उकळून उकळून आटत आलं, तरी उठले नाहीत.

"मंग आम्ही दोघंबी खोटं बोललो," एवढंच म्हणाले, आणि सखुबाई गेल्यापासून पहिल्यांदाच रडले.

मी स्टोव्ह बंद केला. बाहेर पेशंट थांबले होते. त्यांना जाऊन सांगितलं, "आज नाही. उद्या या."