गजभिये काकांचा पॉप्लर

ट्रकमधून लाकूड उतरलं, की गजभिये काका टेप लावण्याआधी त्याचा वास घेत. रायपूरजवळ भनपुरीतल्या आमच्या प्लायवूड कारखान्यात ते लाकूड मोजून घ्यायचे, मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे.

एका जानेवारीत ते जवळजवळ धावतच आत आले आणि माझ्या तळहातावर एक चिकट कळी ठेवली. "पहिले वास घे पोरी, मंग विचार." मधासारखा, थोडा कापरासारखा वास. उत्तरेकडून आलेल्या पॉप्लरच्या ओंडक्यांत एक ताजी फांदी राहून गेली होती. "दोन जातींचा संकर आहे हा. डायवर म्हणते, याच्या चिकाचं मलम भेगांले लावतेत. मी लावून राहिलो हे झाड."

रायपूरच्या उन्हाळ्यात? सगळे हसले. काकांनी फांदी तोडून हातपंपामागे तीन काड्या रोवल्या. रविवारीही तात्यापाऱ्यातल्या घरून सायकलने पाणी घालायला यायचे. मे महिन्यात दोन वाळल्या. तिसरीवर त्यांनी ओलं पोतं ताणलं आणि ती जगली.

तिसऱ्या वर्षी थंडी सरताना कळ्यांना चीक आला. काकांनी त्या तिळाच्या तेलात मंद आचेवर ठेवल्या, मेण घातलं. आठवडाभर स्वतःच्या टाचांना लावून पाहिलं, मगच फुलबाईला दिलं. ती प्लायला गोंद लावायची. हात इतके फुटलेले, की भात कालवतानाही झोंबायचे. पंधरा दिवसांनी ती काकांपुढे उभी राहिली. "देख भैया, अब मुठा बंधा जाथे," म्हणत तिने मूठ मिटून दाखवली. काकांना त्या दिवशी जेवण सुचलं नाही. शेडभर सांगत फिरले.

पुढच्या हिवाळ्यात नव्या शेडसाठी झाड तोडायचं ठरलं. काका पहिल्यांदाच मालकाच्या केबिनमध्ये गेले. बाहेर आले तेव्हा डोळे चमकत होते.

"वाचलं का?" मी विचारलं.

"नाही. पण आठ दिवस मागून घेतले."

त्या आठ दिवसांत त्यांनी फांद्यांच्या काड्या केल्या आणि गोंद लावणाऱ्या प्रत्येकीच्या अंगणात स्वतः जाऊन रोवल्या. झाड पडलं तेव्हा ते फुलबाईच्या दारात माती दाबत होते. महिनाअखेरीस ते निवृत्त झाले.

मार्चमध्ये फुलबाई मला हाताला धरून घरी घेऊन गेली. काडीला पालवी फुटली होती. मी तिथूनच काकांना फोन लावला.

"किती पानं?"

"दोन."

"तिथंच थांब. मी निघालोच."

अर्ध्या तासात सायकल अंगणात शिरली. काका उतरले, थेट काडीपाशी उकिडवे बसले. पायांत चप्पल नव्हती.