पांढरा राहिलेला दगड

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ नेहमी चुकतं, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. हे लिहूनच सांगते आहे, तोंडाने कुणाला सांगणं मला जमायचं नाही.

खालापूरच्या रस्त्यावर एका शेडमध्ये मी कामाला होते. लांब कुठेतरी तेलासाठी विहिरी खणतात, तिथले दगडाचे गोल दांडे पेट्यांतून यायचे. मशिनवर त्यांच्या चकत्या पडायच्या. त्या घासून मी लाल रंगात बुडवायची. रंगात थोडं अॅसिड असायचं. चुनखडीचा दगड लाल व्हायचा.

एकदा एका पेटीतल्या चकत्या पांढऱ्याच राहिल्या, कुठेतरी एखादा लाल ठिपका. मुकादम आमच्याच कळंबकडचा, नात्याने माझा दीर लागतो. नळावर सगळ्या बायकांसमोर तो म्हणाला, "वैनी, साधा रंग लावता येत नाय तुमाला? पेटी बाद केलीत. आता भरून द्या." दर महिन्याला पगारातून पैसे कापायला लागला, वर साहेबांकडे पोचवतो म्हणायचा. बायका हसून विचारायच्या, आज काय पांढरं केलंस गं? मी मान खाली घालून दगड घासायची. दगडाच्या जागी त्याचं तोंड आहे असं धरून घासायची.

पुढे तेल कंपनीच्या दगड तपासणाऱ्या बाई आल्या. त्याच चकत्या भिंगाखाली धरून त्या खूश झाल्या. मी हळूच विचारलं, ह्या बिघडल्या ना?

"बिघडल्या कशाने? हा डोलोमाइट आहे. तो लाल होत नाही."

मग त्यांनी सांगितलं. शिंपल्या-कवड्यांचा चुना समुद्राच्या तळाशी साचून दगड होतो. पेणकडच्या मिठागरात पाणी आटून जड होतं, तसं जड पाणी त्या दगडात झिरपतं. त्यातलं मॅग्नेशियम आत शिरतं, थोडा चुना बाहेर जातो. नवे कण खडीसाखरेसारखे कडा असलेले असतात, त्यांच्यामध्ये फटी राहतात. तेल त्या फटींत राहतं आणि त्यांतूनच वाहतं. पण ते पाणी येतच राहिलं तर तेच कण वाढून फटी बुजवतात, मग तेल हलत नाही. म्हणून दगड पांढरा आहे एवढ्यावर भागत नाही, छिद्रं बघावी लागतात.

पैशांचं तेव्हाच सांगता आलं असतं. पण बाईंच्या कानात सांगितलं असतं तर तो गुपचूप चुकलं म्हणून सुटला असता. मला ते नळावर हवं होतं.

पुढची पांढरी पेटी आली तेव्हा मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी बाई येणार होत्या. चकत्या लाल होईनात तसा मुकादम घाबरला, मला बाजूला सारून त्याने रंगात आणखी अॅसिड ओतलं आणि चकत्या तशाच बुडवून जेवायला बसला. दगडातला उरलासुरला चुना बादलीत फसफसत विरघळत होता. मी समोर बसून भाकरी खाल्ली. त्या दिवशी ती गोड लागली.

सकाळी बाईंनी नळावर चकत्या धुतल्या आणि भिंग लावलं. त्यांची चाळणी झाली होती. "ही छिद्रं दगडाची की बादलीतली, आता मी कसं ओळखू?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. "वैनीला जमतच नाय. मागली पेटी बी अशीच बाद केली."

मी पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. "भावजी, अॅसिड कोणी ओतलं ते सांगा की. आणि माझा पगार कशापायी कापता तेही सांगा."

बाईंनी विचारलं, कसला पगार? मागची पेटी तर उत्तम होती, भरपाई कुणी मागितलीच नव्हती. नळ चालू होता, बायका हंडे तसेच ठेवून बघत होत्या. मग मागून एकीने विचारलं, आता कोण पांढरं पडलंय गं?

संध्याकाळी तो अर्धे पैसे घेऊन घरी आला. "वैनी, हितंच घ्या. बाकीचे देतो मागून."

"नळावर आणा, भावजी. सगळे एकदम."

फुकट गेलेल्या दगडाचं वाईट वाटलं, त्याचं नाही. पगाराच्या दिवशी, हंडे-बादल्या घेऊन सगळ्या जणी उभ्या असताना, त्याने नोटा माझ्या ओल्या हातावर ठेवल्या. पैसे पुरे होते.