प्रेमिला वेंगुर्ल्याला गेली तेव्हा

आपल्याला आयुष्यात कुणाचा हेवा वाटला नाही, असं हुडकेश्वरचा बळीराम मेश्राम छातीठोकपणे सांगायचा. नागपूर-उमरेड एसटीवर कंडक्टरकी करता करता त्याचे केस पिकले. समोरच्यांनी कार घेतली, साडूने दुसरा मजला चढवला, तरी तो म्हणे, "घेऊ दे ना गा, आपल्याले काय!" आणि मग एक दिवस त्याची बायको प्रेमिला पाठीवर सॅक अडकवून समुद्र पाहायला निघाली.

प्रेमिला एका खासगी दवाखान्यात नर्स होती. तिची भाची दीक्षा पुण्यात नोकरीला. सुट्टी मिळाली की ही पोरगी सॅक उचलून कुठे कुठे भटकायची. या खेपेला वेंगुर्ला ठरलं होतं, पण मैत्रिणीने ऐनवेळी अंग काढून घेतलं. "मावशी, तूच चाल ना," ती फोनवर म्हणाली. प्रेमिला हसून विषय टाळेल, असं बळीरामला वाटलं होतं. ती म्हणाली, "थांब, सुट्टी टाकते."

"रिटायर झाल्यावर मी नेणारच होतो तुले," बळीराम म्हणाला.

"तवाही जाऊ जी," सॅकमध्ये टॉवेल कोंबत ती म्हणाली. "एकदा पाहिला म्हणजे समुद्र संपते काय?"

कुडाळला उतरून ती एसटीने वेंगुर्ल्याला पोचली आणि बळीरामच्या फोनवर फोटो येऊ लागले. उमरेडच्या स्टँडवर गाडी लागली की तो एका बाजूला जाऊन ते बोटांनी मोठे करून पाही. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभी असलेली प्रेमिला. बंदरावर सॅकला टेकून बसलेली प्रेमिला. तोंड उघडं टाकून हसणारी. आपल्यासमोर ती अशी शेवटची कधी हसली, ते त्याला आठवेना. एका फोटोत मावशी-भाची दोघीही होत्या, होडीत.

"हा कोणं काढला?" त्याने लगेच विचारलं.

"वसंतदादांनं. त्याइच्याच घरी उतरलो ना आम्ही. होडीही त्याइचीच."

वसंतदादा! पुढच्या फोटोत तेही दिसले. साठी उलटलेले, दात पडलेले, गळ्यात मफलर. पण होडीच्या टोकाला पाय रोवून असे काही उभे होते, की त्या दिवशी बळीरामने एका बाईला विनाकारण सुट्ट्या पैशांवरून झापलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रेमिलाचा फोन आला. "ऐका जी, ऐका," म्हणत तिने फोन लाटांकडे धरला. बळीरामला नुसती खरखर ऐकू आली. त्या खरखरीत तिचं हसणं मिसळलेलं होतं.

"मले ताप आहे," तो बोलून गेला.

हसणं थांबलं. "किती?"

"एकशे दोन."

"मोजला कशानं? थर्मामीटर तं माह्या सॅकमंधी आहे."

"सिंधूताईकडून आणला," बळीरामने ठोकून दिलं.

सिंधूताई शेजारच्या. अर्ध्या तासात त्या खिचडीचा डबा घेऊन फाटकाशी आल्या, तर बळीराम ओट्यावर बसून समोसा-तर्री ओरपत होता.

"भाऊजी, माह्या घरी कुठला आला थर्मामीटर?" त्यांनी विचारलं.

"हळू बोला ना ताई. तिले सांगू नका."

सिंधूताईंनी ओशाळून हातातला फोन दाखवला. तो चालूच होता. "काय खाऊन राहिले ते?" फोनमधून प्रेमिलाने विचारलं. सिंधूताईंनी सांगितलं आणि फोन बळीरामच्या हातात देऊन त्या घाईघाईने निघून गेल्या.

"मी सॅक भरली होती," प्रेमिला म्हणाली. "दीक्षा परतीचं तिकीट पाहून राहिली होती. काहून खोटं बोलले जी?"

खरं तर बळीरामला अजून एखादी थाप मारता आली असती. पण तर्रीने नाक वाहत होतं आणि त्याला वाटलं नव्हतं इतकं रडू येत होतं. "तू भल्ली खुश दिसून राहिली होती," तो म्हणाला. "माह्याबिगर."

मग ती म्हणाली, "आता मी एक दिवस जास्त राहते," आणि फोन बंद झाला.

त्यानंतर फोटो आले नाहीत. फोटो पाहून जळत होता तो आता न आलेल्या फोटोंनी जळू लागला. ती कुठे बसली असेल, काय खात असेल, कुणाच्या बोलण्यावर हसत असेल, याची चित्रं तिकिटं देता देता त्याच्या डोळ्यांपुढे नाचत.

ती आली त्या सकाळी तो स्टेशनवर गेला. तिचा चेहरा उन्हाने रापला होता. त्याने सॅक घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या. सवय झाली आता," ती म्हणाली.

ऑटोत काही विचारायचंच नाही, असं त्याने ठरवलं होतं. ते सक्करदऱ्यापर्यंत टिकलं. "माही आठवण आली?"

"पहिले नाही आली," प्रेमिला सरळ म्हणाली. "ताप सांगितला तवा जीव घाबरला. मंग राग आला. तवापासून तुमीच होते डोक्यात."

त्यावर सुखावावं की नाही, ते बळीरामला कळेना.

दुपारी त्याने केलेला वरण-भात ती मिटक्या मारत जेवली आणि मग बोलतच सुटली. रात्री समुद्राचा आवाज कसा येतो, बांगडा कसा तळतात, पायाखालची वाळू कशी सरकते. तो मान खाली घालून ऐकत होता.

"होडी हाकलणं कठीण असते काय?" त्याने मधेच विचारलं.

ती हसली. फोटोतल्यासारखीच. "दिवाळीनंतर जाऊ ना दोघं. मी दाखवते तुमाले सारं."

बळीरामचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "तिथं नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या गावाचा समुद्र पाहू. जो तूही नाही पाहिला."

प्रेमिलाने त्याच्याकडे निरखून पाहिलं, ताट उचललं. "बरं जी," ती म्हणाली.